चिनी बादशहाच्या झग्यातल्या फटी

शनिवार, ३१ जुलै २०२१, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. आयर्लंडच्या पश्चिमेला, कासलबार गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी मोबाइलवरच्या तिकिटांच्या छापील प्रतीचा मोबाइलने फोटो काढत होतो. म्हणजे मोबाइल हरवला तर कागद, कागद हरवला तर फोटो, आणि दोन्ही हरवले तर काय, याचा विचार रात्रभर करून झाला होता.

"फ्रेम करून घेऊन चल," रोहिणी म्हणाली. रोहिणी माझी बायको. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. मी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात लाँड्री सांभाळतो. माझं शिक्षण बारावी नापास, पण शुद्धलेखन पक्कं, असं चमत्कारिक आहे. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी 'शुभेच्छा'चा 'शू' दीर्घ लिहिला तर मला झोप लागत नाही.

आता जायचं कारण. मी मूळचा येवल्याचा. आमच्या घरी पैठणीचा माग आहे आणि माझे वडील, अण्णा, अजून त्यावर बसतात. मीही वयाच्या तेराव्या वर्षापासून सहा-सात वर्षं बसलो, मग उठलो आणि बराच फिरत फिरत इथे आलो. हे कळल्यावर मंडळाच्या केदारदादाने गणेशोत्सवातल्या ऑनलाइन कार्यक्रमात माझं भाषण ठेवलं. केदारदादा नागपूरचा, डब्लिनला आयटीत आहे, आणि त्याचा स्वभाव आधी जाहीर करून मग विचारायचा आहे. पोस्टर आलं त्यावर माझ्या फोटोखाली 'वस्त्रसंशोधक' असं लिहिलेलं होतं. शुद्धलेखन बरोबर होतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार?

इंजिनिअर, डॉक्टर आणि पीएचडीवाल्यांच्या मंडळात मला बोलायला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. एरवी मी 'रोहिणीचे मिस्टर' असतो. आता सहा आठवड्यांत मला संशोधक व्हायचं होतं. केदारदादाच म्हणाला, डब्लिनच्या जुन्या किल्ल्याजवळ एक संग्रहालय आहे, तिथे चिनी बादशहाचा रेशमी झगा लावलाय, पैठणीसारखा दिसतो, बघून जा. बँक हॉलिडेचा लांब वीकेंड होता, रोहिणीची सुट्टी होती. निघालो.

शनिवार

ज्यांना कासलबारहून डब्लिनला जायचंय त्यांच्यासाठी: रेल्वेने तीन तासांच्या वर लागतात, आणि सध्या जागा आधीच आरक्षित करावी लागते. डावीकडच्या खिडकीतून गाई दिसतात. उजवीकडच्या खिडकीतूनही गाईच दिसतात. डबा घरून न्यावा. आम्ही मेथीचे ठेपले नेले होते, पण मास्क काढून खावं की नाही हे ठरवण्यात मी अर्ध्या वाटेवरच्या अ‍ॅथलोनपर्यंत उपाशी राहिलो. रोहिणीने माझ्या वाटचे दोन खाल्ले.

ह्यूस्टन स्टेशनावरून ट्राम घेतली की शहराच्या मध्यात दहा-बारा मिनिटांत पोचता येतं. केदारदादा आणि त्याची आई संग्रहालयाच्या दारातच उभे होते. या काकू नातीला बघायला तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्षापासून इथेच आहेत.

"आला का आमचा संशोधक!" केदारदादा मोठ्याने म्हणाला. पायरीवरचं कबूतरसुद्धा उडालं.

"हळू रे. कुणी ऐकेल."

"इथे मराठी कोणाला कळतंय? रिलॅक्स. यू आर ग्रँड." इथे 'ठीक आहे' म्हणायचं तर सगळे 'ग्रँड' म्हणतात.

संग्रहालयाला तिकीट नाही. मास्क घालून आत गेलो आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. जमिनीवर बाण चिकटवलेले होते, सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं, मागे फिरायचं नाही. मला नियम मोडायची भीती वाटते, म्हणून मी बाणाबरोबर चालत राहिलो. दालनाच्या तोंडाशी एक मोठा माहितीफलक होता. वाफेतून तो पांढऱ्या चादरीसारखा दिसला. म्हटलं, घरी जाऊन वाचू, फोटो काढून ठेवू. तोही हलला.

आणि मग झगा.

काचेमागे आडव्या काठीवर, बाह्या पूर्ण पसरून टांगलेला. पिवळा धमक. छातीवर मोठा ड्रॅगन, भोवती ढग, खाली घेराला लाटांचे तिरपे पट्टे. चष्मा पुसून मी काचेला नाक लावलं आणि माझ्या हाताच्या बोटांना कळलं ते डोक्याला नंतर कळलं. हे भरतकाम नव्हतं. हे विणलेलं होतं, आमच्यासारखंच, प्रत्येक रंगाच्या धाग्याची छोटी तिल्ली, म्हणजे कांडी, वेगळी, जेवढ्या भागात रंग हवा तेवढ्याच भागात ती फिरवून परत आणायची.

"काय पाहून राहिला रे बाबू एवढं?" काकूंनी विचारलं.

"काकू, ही आमचीच वीण आहे!"

"बाप्पा! चीनमंधी?"

मग बाहीमागून येणाऱ्या दिव्याच्या उजेडात मला फटी दिसल्या. ड्रॅगनच्या मिशीच्या कडेला, नखांच्या कडेला, ढगांच्या कडेला, जिथे दोन रंग उभे भेटतात तिथे बारीक चीर, तिच्यातून उजेड येतोय. एक नाही, शेकडो.

आता येवल्यात फट म्हणजे काय, ते सांगायला हवं. पैठणीत दोन रंग शेजारी आले की एकाचा धागा दुसऱ्यात अडकवून परत फिरवायचा असतो. अडकवायचं विसरलं की मध्ये चीर राहते. ती अण्णांना पलीकडच्या खोलीतून दिसायची. माझ्या बोटांवर त्यांनी फुटपट्टी मारली ती नेहमी फटीसाठीच. फट सुटलेला पदर उसवून पुन्हा विणावा लागायचा.

"अहो काकू, हे सगळं चुकलंय," मी म्हणालो. "ही बघा, ही पण. इथे तर ओळीने सोडल्यात. बादशहाला फसवलंय कारागिरांनी!"

"मला त चांगलाच दिसून राहिला," काकू म्हणाल्या.

मी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांना आणखी एक चूक दाखवली. तेवढ्यात उंच रखवालदार आला. टॉर्च नको हां, बाकी सगळं ग्रँड, असं तो इतक्या प्रेमाने म्हणाला की मी त्याला चार वेळा सॉरी म्हटलं आणि बाणांच्या मागोमाग थेट बाहेर पडलो.

जेवायला जवळच्या कॅफेत गेलो. त्या आठवड्यात नियम असा होता की लस पूर्ण झालेल्यांनी प्रमाणपत्र दाखवून आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर. रोहिणीचे दोन्ही डोस जानेवारी-फेब्रुवारीतच झाले होते, केदारदादाचेही जुलैत पूर्ण झाले होते. वृद्धाश्रमात मी लागलो तोवर तिथलं लसीकरण उरकलं होतं, म्हणून माझा एकच. ते दोघं आत गरम सूप पीत होते. मी बाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी, बारीक पावसात, छत्री आणि सँडविच एका हातात धरून. काकू म्हणाल्या, मला आत गुदमरतं, आणि माझ्या सोबतीला बाहेर बसल्या. शाल पांघरून त्यांनी डोळे मिटले.

एकट्या माणसाच्या हातात फोन असला की तो काय करतो? मी ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला. तो मला दुर्दैवाने पाठ आहे:

"नमस्कार मंडळी. मी आत्ता चिनी बादशहाच्या झग्यासमोर उभा आहे." (मी कचऱ्याच्या डब्यासमोर बसलो होतो.) "हा झगा पैठणीच्या विणीत आहे. म्हणजे ही कला आपल्याकडून तिकडे गेली, यात शंका नाही. मात्र त्यांना ती नीट जमलेली दिसत नाही. यात शेकडो चुका आहेत. येवल्यात हा माल परत पाठवला असता."

उत्तरं धडाधड आली. अंगठे, हात जोडलेले, झेंडे. 'अभिमान वाटतो.' 'म्हणजे चीनने पैठणीपण ढापली तर!' उत्तरेकडच्या लेटरकेनी गावच्या एका डॉक्टरांनी लिहिलं, 'सर, हे फारच महत्त्वाचं आहे, पुढे पाठवू का?' मी 'अवश्य' लिहिलं. मला आयुष्यात कुणी पहिल्यांदा 'सर' म्हटलं होतं. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला.

जेवण तासाभराच्या वर चाललं. नंतर रोहिणी म्हणाली, तिने झगा नीट बघितलाच नाही, मी ओढत बाहेर आणलं. पुन्हा आत गेलो. यावेळी पावसाच्या थंडीने असेल किंवा तिने मास्कवर चिकटपट्टी लावून दिल्यामुळे असेल, चष्मा स्वच्छ होता. दालनाच्या तोंडाशी मी फलक वाचला.

त्यात लिहिलं होतं ते थोडक्यात असं. ही वीण चीनची नव्हे. मध्य आशियातल्या वाळवंटी वाटांवरच्या विणकरांकडून ती चीनमध्ये आली, तिकडे लोकर वापरायचे. चिनी कारागिरांनी ती रेशमात उतरवली आणि पुढे दरबाराला ती इतकी आवडली की बादशहाचे झगे तिच्यात विणले जाऊ लागले. दोन रंगांमध्ये मुद्दाम सोडलेली फट ही तिची ओळख. फटींमुळे चित्र कोरून बसवल्यासारखं दिसतं, आणि त्या वेळचे लोक याच गोष्टीचं कौतुक करत.

मुद्दाम. मी तो शब्द इंग्रजीत तीनदा वाचला. हिंदुस्थानचा, महाराष्ट्राचा, येवल्याचा त्या फलकावर कुठेही उल्लेख नव्हता.

रोहिणीने फलक वाचला, मग माझ्याकडे बघितलं. तिने मेसेज ऐकलेला होता.

"म्हणजे," ती म्हणाली, "बारावी नापास माणसाने बादशहाला नापास केलं."

मेसेज खोडायला गेलो. 'सर्वांसाठी खोडा'ची तेव्हाची तासाभराची मुदत सुपाबरोबर संपली होती. माझ्यासाठी मात्र तो खोडता येत होता, म्हणजे मला सोडून सगळ्यांना ऐकू आला असता.

त्यानंतर शिक्षा म्हणून मी त्या दालनातला प्रत्येक फलक वाचला. आणि खरं सांगतो, कुणी तिथे जाणार असेल तर त्याने शिक्षा नसतानाही वाचावा. तपकिरीच्या बोटभर बाटल्या होत्या. तपकीर युरोपातून आली आणि त्यावरच्या गुलाबी मिनाकामाची कृतीही युरोपातल्या धर्मगुरूंनी राजवाड्याच्या कारखान्यात शिकवली. पण झाकणाला आतून चिमुकला चमचा जोडायची युक्ती चिनी. हेच धर्मगुरू दरबारात चित्रंही काढायचे. बादशहाला घोड्याच्या पोटाखाली सावली चालायची, पण माणसाच्या चेहऱ्यावर नको, तो मळल्यासारखा दिसतो म्हणून. हिंदुस्थानातून गेलेल्या जेडच्या वाट्या बादशहाला फार आवडायच्या, असंही एका ठिकाणी होतं. कागदासारख्या पातळ. त्या वाट्यांवर त्याने कविता कोरून घेतल्या.

"चला, वाटी तरी आपली निघाली," केदारदादा म्हणाला. "भाषण वाटीवर कर."

रविवार

मुक्काम केदारदादाकडे, बॉल्सब्रिजला. मोठमोठ्या वकिलाती, स्वच्छ फूटपाथ, आणि भाडं विचारलं तर उत्तराऐवजी उसासा मिळतो. सकाळी काकूंनी तर्रीपोहे केले. मी कागदावर दुरुस्तीचा मेसेज लिहीत बसलो होतो.

"कशाला पण?" केदारदादा प्रेसमधून कप काढत म्हणाला. कपाटाला इथे सगळे प्रेस म्हणतात, आता तोही. "मेसेज कॉर्क शहरातल्या मराठी ग्रुपवर पण गेलाय. लोक खूश आहेत. कोण जातंय तपासायला?"

"पण ते खोटं आहे."

"खोटं नाही रे, उत्साह आहे. तू आता मागे घेतलंस ना, तर लोक म्हणतील याला काहीच येत नाही. तुझ्यासाठीच सांगतोय."

हेच तर मलाही वाटत होतं, म्हणून जास्त लागलं. गप्प बसलो तर सप्टेंबरमध्ये 'सर' म्हणून उभा राहणार होतो. बोललो तर पुन्हा रोहिणीचे मिस्टर, तेही चुकीचे.

रोहिणीला समुद्र बघायचा होता. होथच्या बंदरावर शहरातून समुद्रकाठच्या गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं. धक्क्यावर सीलमासे येतात, त्यांना खाऊ घालू नये अशी पाटी आहे. चिप्स आणि मासे घेऊन बाहेरच बसावं, लस कितीही झाली असली तरी, कारण सगळेच बाहेर बसतात. तिथे मी पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीचा झालो.

येवल्यात तेव्हा संध्याकाळ होती. झग्याचे फोटो मी सकाळीच अण्णांना पाठवले होते, काहीही न लिहिता. आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. जेवलास का, रोहिणी बरी आहे का, ठेवतो. पण यावेळी त्यांनीच व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर त्यांचा कान दिसत होता.

"कोणी विणलंय रे हे?" कान म्हणाला. "सगळ्या फटी सोडल्यात. हात धरून बाहेर काढला पाहिजे असल्या माणसाला."

रोहिणी चिप्स खाता खाता इतकी हसली की सील पाण्याखाली गेला. मी अण्णांना फलक सांगितला. फटी मुद्दाम आहेत, बादशहाला आवडायच्या.

पडद्यावर कानाच्या जागी एक डोळा आला.

"ती मिशी मोठी करून पाठव," ते म्हणाले. "नखाजवळचंपण."

मी एकेक तुकडा पाठवत गेलो. अण्णा फोन मागाजवळ घेऊन गेले, मग आईला हाका मारून चष्मा मागवला.

"निलेश, बघ. आपण धागा अडकवतो ना, म्हणून आपल्या उभ्या रेघेला दाते येतात. याने अडकवलाच नाही, म्हणून त्याची रेघ कशी सुरीने कापल्यासारखी आलीय." मग जरा वेळाने, "पण टिकत कशी असेल? धुतली की उसवत नसेल का?"

"बादशहा कुठे धूत असेल, अण्णा?"

"तेही खरं."

मग ते म्हणाले, रेशीम चिनीच की. विसरलास का? आणि मला आठवलं. लहानपणी गल्लीत रेशमाच्या लडी यायच्या, त्यातल्या कितीतरी गठ्ठ्यांच्या वेष्टनांवर चिनी अक्षरं असायची. मी ती कापून वहीत चिकटवायचो. ज्या धाग्याने मी पैठणी विणायला शिकलो, तो धागाच तिकडचा होता, आणि मी कचऱ्याच्या डब्याशेजारी बसून तिकडच्यांना चोर ठरवलं होतं.

अण्णा त्या दिवशी खूप बोलले. ताण किती ठेवला असेल, तिल्ल्या किती लागल्या असतील. मी माग सोडल्यापासून ते माझ्याशी मागाबद्दल बोललेच नव्हते. मला वाटायचं रागावलेत. कदाचित मी कधी विचारलंच नसेल. रोहिणीने चिप्स संपवले आणि माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला.

गाडीत बसल्यावर मी मेसेज पाठवला. लिखित. 'काल मी पाठवलेली माहिती चुकीची होती. ही वीण आपल्याकडून चीनला गेल्याचा कोणताही पुरावा मी पाहिलेला नाही. फटी या चुका नसून ती त्या विणीची पद्धत आहे. मी फलक न वाचता बोललो. कृपया पुढे पाठवलेल्यांना हेही पाठवावे.' ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं. एक अंगठा आला. केदारदादाचा होता, बिचाऱ्याचा. लेटरकेनीच्या डॉक्टरांनी 'ओके' लिहिलं. 'सर' गेलं.

सोमवार आणि नंतर

सोमवारी परतीची गाडी. गाई होत्याच. काकूंनी डब्यात सांबारवडी दिली. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे माहीत नसेल तर उघडताना रसाची वाट बघू नका. निरोप घेताना त्या म्हणाल्या, "बाबू, झगा चांगलाच होता न?"

"होय काकू. तुम्हीच बरोबर होतात."

"मी त पहिलेच सांगून राहिली होती."

भाषण सप्टेंबरमध्ये झालं. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या प्रेसवर चढवला, मागे रोहिणीची पैठणी लावली. नव्या पोस्टरवरून केदारदादाने 'वस्त्रसंशोधक' काढून 'मूळ येवल्याचे' केलं होतं. मी सुरुवातीलाच माझा तो व्हॉइस मेसेज सगळ्यांना पुन्हा ऐकवला. 'येवल्यात हा माल परत पाठवला असता' याला लोक हसले, काही जण जरा जास्तच. मग मी दरबाराचं सांगितलं, बाटल्या, घोडे, वाट्या, आणि शेवटी झगा.

मग अण्णा आले, येवल्याहून. यावेळी कान नव्हता, शेजारच्या मुलीने फोन मागाला नीट बांधून दिला होता. त्यांनी चार बोटं रुंद एक पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. पोपट होता, आमचा नेहमीचाच. पण चोच आणि शेपटी यांच्या कडेने धागा अडकवलेला नव्हता. त्यांनी पट्टी बल्बसमोर नेली आणि पोपटाच्या कडेने उजेडाची रेघ उमटली.

"आयुष्यभर जे पोराला करू दिलं नाही," अण्णा म्हणाले, "ते आता मुद्दाम केलंय. हात वळत नव्हता."

चौकोनांमधले चेहरे पडद्याजवळ सरकले. मग लेटरकेनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, ही पट्टी विकत मिळेल का?"

अण्णा म्हणाले, "नाही. ही निलेशची आहे."

ती पोस्टाने आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली आहे. सकाळी ऊन असलं तर, म्हणजे कासलबारमध्ये महिन्यातून एखादवेळा, पोपट ओट्यावर पडतो.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी हिशोब, दोघांचा मिळून: रेल्वे ७८ युरो. ट्राम आणि होथची गाडी १९. शनिवारचं जेवण ३१, त्यात पावसातलं सँडविच माझं. होथचे मासे आणि चिप्स २४. काकूंना भेट म्हणून शाल ३०. संग्रहालय फुकट. एकूण १८२.

देणं: केदारदादाला एक जेवण. आणि अण्णांना पट्टीची मजुरी, दोन दिवसांची, रुपये बाराशे. मी म्हटलं, अण्णा, ती माझी आहे म्हणालात ना? तर म्हणाले, आहेच तुझी, पण मजुरी बादशहानेसुद्धा बुडवली नसेल.